एक हजार एक घोडे आणि एक जुना लॅपटॉप

गेल्या रविवारी मिसळ खाता खाता आमच्यात कडाक्याचं भांडण झालं. विषय राजकारण नव्हता, क्रिकेट नव्हता, अप्रेझलसुद्धा नव्हतं. विषय होता मॅक्लारेन एफ१ भारी की बुगाटी व्हेरॉन. आम्हा चौघांच्या मिळून गाड्या किती, तर एक सेकंडहँड ऑल्टो आणि दोन ॲक्टिव्हा. पण म्हणून काय मत असू नये? सचिनच्या स्ट्रेट ड्राइव्हवर बोलायला कुठे स्वतःला बॅट धरता यावी लागते!

तर माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना शिव्या घालून मोकळं होता येईल. व्हेरॉन जास्त वेगवान आहे, जास्त ताकदवान आहे, आणि ती बनवणं कदाचित जास्त अवघडही होतं. तरीही इंजिनिअरिंग म्हणून एफ१ मोठी. आणि हे मी लहानपणीच्या प्रेमापोटी म्हणत नाहीये. (थोडंसं म्हणतोय. मामेभावाच्या पीसीवर नीड फॉर स्पीड हॉट पर्स्युट २ खेळताना ती गाडी मिळाल्यावर जो आनंद झाला होता तो नंतर कॅम्पसमध्ये ऑफर लेटर मिळाल्यावरही झाला नाही. असो.)

एफ१ ची गोष्ट विमानतळावर सुरू होते. १९८८ चा फॉर्म्युला वन सीझन मॅक्लारेनने अक्षरशः खाऊन टाकला होता. १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. जी एक हरले ती इटलीतली, मोंझाची. ती हरून परत जाताना मिलानच्या लिनाते विमानतळावर विमानाला उशीर झाला. रॉन डेनिस, मन्सूर ओजे, क्रेटन ब्राउन आणि टेक्निकल डायरेक्टर गॉर्डन मरे असे चौघे बाकड्यावर बसून गप्पा मारत होते आणि त्या गप्पांतून निघालं की आपण रस्त्यावरची एक गाडी बनवायची. आजवरची सगळ्यात चांगली. बस्स. एवढंच रिक्वायरमेंट डॉक्युमेंट! आपल्याकडे विमान लेट झालं की लोक वडापाव खातात आणि एअरलाइनला ट्विट करतात.

हा गॉर्डन मरे म्हणजे एक वल्ली. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा, १९४६ चा जन्म. मॅक्लारेनच्या आधी तो ब्रॅबममध्ये होता. तिथे त्याने १९७८ साली गाडीच्या मागे चक्क एक पंखा लावला होता. गाडीखालची हवा ओढून घ्यायची आणि गाडी रस्त्याला चिकटवून ठेवायची. निकी लाउडा ती घेऊन स्वीडनची शर्यत जिंकला, बाकीच्यांनी बोंबाबोंब केली, आणि पुढच्या शर्यतीआधीच ती गाडी गपचूप मागे घेण्यात आली. एक शर्यत, एक विजय, रिटायर्ड. याहून चांगलं रेकॉर्ड कुणाचं असेल तर सांगा.

मरेचा एकच ध्यास होता आणि तो म्हणजे वजन. ताकद नव्हे, वजन. त्याचं टार्गेट होतं १००० किलो. त्यासाठी त्याने काय काय केलं हे वाचताना मला कधी कधी वाटतं की हा माणूस घरी भाजीसुद्धा ग्रॅमवर आणत असेल. गाडीचा सांगाडा पूर्ण कार्बन फायबरचा.  गाडीबरोबर मिळणारे पाने टायटॅनियमचे, कारण पोलादापेक्षा निम्म्या वजनात बसतात. म्युझिक सिस्टिम केनवूडकडून खास हलकी करून घेतली आणि तिच्यात रेडिओच ठेवला नाही. पॉवर स्टिअरिंग नाही. एबीएस नाही. ट्रॅक्शन कंट्रोल नाही. ब्रेकला सर्व्होची मदत नाही. इंजिनाच्या खोलीला आतून सोन्याचा वर्ख लावलाय, पण तो श्रीमंती दाखवायला नाही. सोनं उष्णता फार छान परावर्तित करतं, आणि वर्ख कार्बनचं कवच उष्णतेपासून वाचवतो. चांदीचा वर्ख आपण काजूकतलीवर लावतो, हा सोन्याचा इंजिनावर लावतो, एवढाच फरक :)

आणि ड्रायव्हरची सीट मधोमध. दोन पाहुणे जरा मागे, डावी-उजवीकडे. लोकांना हा शो वाटतो, पण त्याच्यामागे साधं कारण आहे. नेहमीच्या सुपरकारमध्ये पुढच्या चाकाची कमान पायात येते, म्हणून पेडल थोडी आतल्या बाजूला सरकवलेली असतात आणि माणूस तिरका बसतो. मधोमध बसवलं की पाय सरळ, नजर सरळ, दोन्ही बाजूंचा अंदाज सारखा. शिवाय गाडी डाव्या हाताच्या देशासाठी वेगळी आणि उजव्या हाताच्या देशासाठी वेगळी बनवायची भानगडच नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर एकच बिल्ड, लोकलायझेशन शून्य.

आता इंजिन. मॅक्लारेन त्या काळी रेसिंगमध्ये होंडाची इंजिनं वापरायची. मरेने आधी त्यांनाच विचारलं. जमलं नाही. मग तो गेला बीएमडब्ल्यूच्या पॉल रोशेकडे, ज्याच्याशी त्याची ब्रॅबमच्या दिवसांपासूनची दोस्ती. मरेची मागणी होती ५५० अश्वशक्ती आणि २५० किलोच्या आत वजन. रोशेने दिलं ६.१ लिटरचं व्ही१२, ६२७ अश्वशक्ती, वजन २६६ किलो. म्हणजे वजनाचं टार्गेट १६ किलोंनी चुकलं, पण ताकद मागितली त्यापेक्षा ७७ जास्त. आणि टर्बो नाही. मरेला टर्बो नकोच होता, कारण टर्बोमध्ये पाय दाबल्यावर ताकद येईपर्यंत जो क्षणभराचा खड्डा पडतो तो त्याला अजिबात सहन होत नव्हता. (मला ऑफिसच्या व्हीपीएनमुळे हे दुःख पूर्णपणे समजतं.)

शेवटी गाडी भरली ११३८ किलो. टार्गेट हुकलं. पण एक लक्षात घ्या, व्ही१२ इंजिन, तीन माणसं, सामानाची जागा आणि एसी धरून हे वजन आहे.

मे १९९२ मध्ये मोनॅकोला गाडी लोकांसमोर आली. ३०० बनवायचा विचार होता. मंदीचा काळ, किंमत ५ लाख ४० हजार पौंड, कोण घेणार? १९९८ पर्यंत सगळं मिळून १०६ गाड्या बनल्या, आणि त्यातही प्रोटोटाइप, रेसिंगच्या वगैरे वगळल्या तर नेहमीच्या रस्त्यावरच्या फक्त ६४. म्हणजे आज जिला 'लिमिटेड एडिशन' म्हणून आपण ओवाळतो ती खरं तर न खपल्यामुळे लिमिटेड झालेली आहे. हे मला फार आवडतं. हल्ली लिमिटेड एडिशन म्हणजे आधी आकडा ठरवायचा, मग स्टिकर लावायचा आणि दीडपट किंमत घ्यायची. एफ१ चं लिमिटेडपण खोटं नाही, ते चक्क अपयश आहे. २०२१ साली त्यातलीच एक गाडी अमेरिकेत लिलावात २ कोटी डॉलरच्या वर गेली. ज्यांनी १९९३ साली "परवडत नाही बुवा" म्हटलं असेल त्यांच्या घरी त्या दिवशी काय बोलणं झालं असेल!

रेसिंगसाठी ती बनवलीच नव्हती. तरी गिऱ्हाइकांनी हट्ट केला म्हणून रेसिंगची आवृत्ती काढली आणि १९९५ ला ले मान्सला पहिल्याच प्रयत्नात पहिला नंबर. शिवाय तिसरा, चौथा आणि पाचवाही.

आणि मग ३१ मार्च १९९८. फोक्सवॅगनचा जर्मनीत एरा-लेसिएन नावाचा टेस्ट ट्रॅक आहे, त्यात जवळजवळ नऊ किलोमीटरचा सरळसोट रस्ता आहे. तिथे अँडी वॉलेसने एफ१ ताशी ३८६.४ किलोमीटरने पळवली. इंजिनाचा रेव्ह लिमिटर वर सरकवला होता, बाकी विशेष काही नाही. हे रेकॉर्ड जवळपास सात वर्षं टिकलं. २००५ च्या फेब्रुवारीत स्वीडनच्या कोनिगसेगने ते दीडेक किलोमीटरने मोडलं, आणि दोन महिन्यांत व्हेरॉनने त्याच फोक्सवॅगनच्या ट्रॅकवर ४०० चा टप्पा ओलांडून विषयच संपवला.

आता आमच्या मित्राच्या लाडक्या बुगाटीकडे येऊ.

ही गोष्ट रेल्वेत सुरू होते. १९९७ साली जपानच्या शिंकान्सेनमध्ये बसून फोक्सवॅगनचे सर्वेसर्वा फर्डिनांड पीएख यांनी एका पाकिटाच्या मागे १८ सिलिंडरच्या इंजिनाचं चित्र काढलं. (मोठ्या गाड्यांच्या गोष्टी कायम दुसऱ्याच कुठल्या तरी वाहनाची वाट बघताना किंवा त्यात बसून का सुरू होतात देव जाणे.) पुढच्या वर्षी फोक्सवॅगनने बुगाटी हे नाव विकत घेतलं. आणि पीएख साहेबांनी अटी घातल्या. १००० च्या वर अश्वशक्ती. ४०० च्या वर वेग. ० ते १०० तीन सेकंदांच्या आत. आणि हे सगळं करून त्याच गाडीतून संध्याकाळी बायकोला घेऊन ऑपेराला जाता आलं पाहिजे.

ज्यांनी कधी सर्व्हिस कंपनीत काम केलंय त्यांना ही भाषा ओळखीची वाटेल. सेल्सवाल्याने क्लायंटला आधीच प्रॉमिस करून टाकलंय, आता तुम्ही बघा कसं करायचं ते! इंजिनिअर बिचारे बसले डोकं धरून. १८ ची १६ सिलिंडर झाली, चार टर्बो आले, ८ लिटरचं इंजिन आलं. २००३ साली अमेरिकेत लगुना सेकाला लोकांसमोर डेमो देताना गाडी गर्रकन फिरून बाहेर गेली. डेमोच्या दिवशीच क्रॅश, हे फक्त सॉफ्टवेअरमध्ये होतं असं वाटायचं मला. मग वोल्फगांग श्रायबर यांच्या हाताखाली प्रोजेक्ट पुन्हा रुळावर आणला गेला आणि २००५ मध्ये ती खरंच आली. १००१ अश्वशक्ती, ताशी ४०७ किलोमीटर, ० ते १०० अडीच सेकंदांत. सगळ्या अटी पूर्ण. वजन १८८८ किलो.

या आकड्यांशी जरा खेळू. (इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत जे शिकलो ते वापरायची संधी पगारी कामात कधी मिळत नाही.)

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि त्या विरोधाला तोंड द्यायला लागणारी ताकद घनाने. म्हणजे वेग दुप्पट, तर ताकद आठपट. एक्स्प्रेसवेवर शंभरने जाताना हवेला जेवढी ताकद द्यावी लागते, त्याच्या ६४ पट ४०० ने जाताना लागते. एफ१ चा ड्रॅग कोइफिशंट ०.३२ आणि समोरून क्षेत्रफळ १.७९ चौरस मीटर. ३८६ ला हिशेब केला तर एकट्या हवेलाच ५८० च्या आसपास अश्वशक्ती द्याव्या लागतात. टायर वगैरेंसाठी उरल्या पन्नासेक. इंजिन ६२७ चं. जुळलं की नाही?

आता व्हेरॉन. सगळ्यात वेगाच्या मोडमध्ये कोइफिशंट ०.३६, क्षेत्रफळ २.०७. ४०७ ला हवा मागते ८८० च्या आसपास. म्हणजे वेग वाढला फक्त २१ किलोमीटरने आणि हवेचं बिल वाढलं ३०० घोड्यांनी! तोच वेग जर एफ१ च्या अंगाने गाठायचा असता तर हवेला साधारण ६७५ पुरले असते. मधला फरक हा वेगाचा नाही, गाडी रुंद आणि जाड झाल्याचा आहे.

आणि ती जाड का झाली? इथेच खरी गंमत आहे. पेट्रोलच्या इंजिनात जेवढी ताकद चाकांकडे जाते, ढोबळमानाने त्याच्या दुप्पट उष्णता म्हणून वाया जाते. १००१ घोडे पुढे पळतात तेव्हा २००० घोड्यांइतकी आग मागे धगधगत असते. ती विझवायला व्हेरॉनमध्ये १० रेडिएटर आहेत. दहा! रेडिएटर आले की त्यांना हवा हवी, म्हणजे तोंड मोठं हवं, म्हणजे ड्रॅग वाढला. रेडिएटर आले की पाणी आलं, पाइप आले, वजन वाढलं. वजन वाढलं की ब्रेक मोठे, टायर मोठे, चारही चाकांना ड्राइव्ह. त्याने परत वजन वाढलं. मग एवढं वजन ओढायला ताकद जास्त हवी. ताकद वाढली की आणखी उष्णता. फिरून गंगावेस.

आता हे बघा. एफ१ मध्ये दर टनामागे ५५१ अश्वशक्ती. व्हेरॉनमध्ये ५३०. १००१ घोडे लावून, चार टर्बो लावून, दहा रेडिएटर लावून, दर किलोमागे ताकद तेरा वर्षं जुन्या गाडीपेक्षा कमीच! हा आकडा मी मिसळीच्या टेबलावर टिश्यूवर लिहून दाखवला तेव्हा दोन मिनिटं शांतता होती. रश्श्याचा डाग पडलेला तो टिश्यू मी जपून ठेवलाय.

व्हेरॉनमध्ये ४०० च्या वर जायचं तर वेगळी चावी लावावी लागते, मग गाडी खाली बसते, मागचा पंख आत जातो. नाहीतर ३७५ ला गाडी स्वतःच थांबते. आणि पूर्ण वेगात १०० लिटरची टाकी बारा मिनिटांत रिकामी. टायर म्हणे पंधरा मिनिटं टिकतात, म्हणजे टायर फुटायच्या आत पेट्रोल संपतं. याला मी सेफ्टी फीचर म्हणालो तर मित्र चिडला.

पण चिडून तो जे बोलला ते आठवडाभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून हा सगळा लेख.

तो म्हणाला, "अरे, तुझ्या मरेने कॉम्प्लेक्सिटी कमी केली म्हणतोस, ती गेली कुठे? ड्रायव्हरच्या अंगावरच ढकलली ना! एबीएस काढलं म्हणजे ते काम आता माणसाच्या पायाने करायचं. ट्रॅक्शन कंट्रोल काढलं म्हणजे ओल्या रस्त्यावर अंदाज माणसाने घ्यायचा. तुझं सॉफ्टवेअर हलकं झालं रे, पण युझरची वाट लागली."

आणि यात तथ्य आहे हो. रोवन ॲटकिन्सनने (आपला मिस्टर बीन) आपली एफ१ दोनदा ठोकली. २०११ मध्ये ओल्या रस्त्यावर घसरून झाडावर गेली, आणि दुरुस्तीचं बिल विम्याने भरलं ते ९ लाख पौंडांच्या वर. २००० साली एलॉन मस्कने एक ठोकली, तिचा तर विमाही नव्हता. तीच माणसं व्हेरॉनमध्ये असती तर चारही चाकं आणि डझनभर कॉम्प्युटर यांनी बहुतेक सांभाळून घेतलं असतं. खुद्द मरेने आधी व्हेरॉनची यथेच्छ टिंगल केली होती, पण नंतर स्वतः चालवली आणि मोकळेपणाने कौतुक केलं, खास करून तिच्या सात गिअरच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सचं. मोठा माणूस. आपल्याकडे कोड रिव्ह्यूमध्ये एक कॉमेंट मागे घ्यायला लोकांच्या जिवावर येतं.

तेव्हा मी माझं म्हणणं थोडं बदलतो. साधं ते चांगलं, असं मी म्हणत नाही. व्हेरॉनचा गिअरबॉक्स साधा नाही आणि तो अप्रतिम आहे. माझा आक्षेप पाकिटावरच्या आकड्याला आहे. मरेने ठरवलं होतं की गाडी चालवणाऱ्याला कशी वाटली पाहिजे, आणि आकडे त्यातून पडले. टॉप स्पीड हे त्याचं टार्गेटच नव्हतं. पीएख साहेबांनी आधी आकडा ठरवला आणि मग त्याच्यासाठी जगातल्या उत्तमोत्तम इंजिनिअरांनी आपली वर्षं खर्ची घातली. एका विश्लेषक संस्थेचा २०१३ सालचा अंदाज असा होता की प्रत्येक व्हेरॉनमागे कंपनीला लाखो युरोंचा तोटा झाला. व्हेरॉन ४५० बनल्या, २०१५ ला संपल्या. एफ१ वर मॅक्लारेननेही पैसे कमावले नाहीत म्हणा, पण तोट्यातून काय उरलं ते बघायला हवं. आकड्याचं कसं असतं, उद्या दुसरा कुणीतरी मोठा आकडा घेऊन येतो. ४०७ चा मान २००७ मध्येच गेला, अमेरिकेतल्या एका छोट्या कंपनीने ४१२ गाठले. मग बुगाटीने २०१० मध्ये १२०० घोड्यांची सुपर स्पोर्ट काढून तो परत मिळवला. चालूच आहे.

पण खरं सांगू? माझ्या लाडक्या एफ१ मध्ये काय सगळ्यात आधी म्हातारं झालं, ते कळल्यावर मला आपल्याच धंद्याची लाज वाटली.

कार्बनचा सांगाडा सडत नाही. व्ही१२ नीट ठेवलं तर चालत राहतं. पेट्रोलची टाकी दर पाच वर्षांनी बदलावी लागते, ती मिळते. २०१६ साली बातमी आली की या गाड्यांची देखभाल करायला मॅक्लारेनला अजून एक जुना लॅपटॉप लागतो, कॉम्पॅक एलटीई ५२८०. नव्वदच्या दशकातला. त्यात एक खास बनवून घेतलेलं कार्ड बसतं, त्यावरून डॉसमधलं सॉफ्टवेअर गाडीशी बोलतं. दुसऱ्या कुठल्या मशीनवर ते चालत नाही. कोट्यवधी डॉलरची गाडी, आणि तिचा जीव कुणाच्या हातात, तर भंगारात मिळणाऱ्या लॅपटॉपच्या! त्यावेळी कंपनी म्हणत होती की नवीन मशीनवर चालणारा इंटरफेस बनवायचं काम सुरू आहे.

आणि हे त्या काळी किती पुढचं होतं माहितीये? गाडीत मोडेम होता. जगात कुठेही गाडी बिघडली की फोनच्या लाइनवरून कंपनीचे लोक गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचू शकायचे. १९९२ साली! तेव्हा आपल्याकडे ट्रंक कॉल बुक करायचे दिवस नुकते सरत होते. म्हणजे ज्याने एकेक ग्रॅम वाचवला, पुढच्या तीस वर्षांचा विचार करून धातू निवडले, त्याच्या गाडीतही सॉफ्टवेअरचा धागा तेवढा कच्चा राहिला. ज्याने बनवलं त्याचा दोष नसेलही. त्यावेळी तेच उत्तम होतं. आपण दर वेळी हेच म्हणतो.

म्हणतो म्हणजे काय, मी स्वतः म्हणालोय. आमच्याकडे एका जुन्या क्लायंटचं बिलिंग रोज रात्री ज्या युटिलिटीतून जातं ती एका जुन्या डेस्कटॉपवर चालते. ज्या सरांनी ती लिहिली ते दुसरीकडे गेले. सोर्स कोड आहे, पण ज्या लायब्ररीवर तो चालतो ती आता कुठे मिळत नाही. दोन वर्षांपूर्वी ती बदलायचं काम माझ्याकडे आलं होतं. पंधरा दिवसांचं काम. त्याच आठवड्यात डॅशबोर्डवर आणखी चार ग्राफ हवेत अशी मागणी आली, कारण रिव्ह्यूमध्ये आकडे दाखवायचे होते. मी ग्राफ केले. कौतुक झालं, मेलवर साहेबांनी 'ग्रेट जॉब' लिहिलं. बदलायचं काम पुढच्या क्वार्टरला गेलं आणि तिथेच राहिलं. 'नाही' म्हणता आलं असतं, म्हटलं नाही. माझंही ते पाकीटच.

या मे महिन्यात एका शनिवारी त्या डेस्कटॉपचं एसएमपीएस जळलं. रात्री बारापर्यंत बिलिंग गेलं नाही तर क्लायंटला पेनल्टी. मी आणि एक ज्युनिअर मुलगी भर उन्हात तपकीर गल्लीत दुकानं पालथी घालत होतो. तसलं एसएमपीएस ज्याच्याकडे मिळालं ते काका म्हणाले, "हे अजून कोण वापरतं?" मी काय सांगणार. ती ज्युनिअर मुलगी ॲक्टिव्हावर मागे तो खोका मांडीवर धरून बसली होती आणि अगदी निरागसपणे विचारत होती की सर, हे आधीच का नाही बदललं? सिग्नल सुटला, मी ऐकू न आल्यासारखं केलं.

मरेचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलंच. २०२० मध्ये त्याने स्वतःच्या कंपनीतून टी.५० नावाची गाडी समोर आणली. पुन्हा सीट मधोमध, पुन्हा टर्बो नाही, पुन्हा हाताने बदलायचे सहा गिअर. कॉसवर्थने बनवलेलं जेमतेम ४ लिटरचं व्ही१२, १२,१०० आरपीएमपर्यंत जाणारं, वजन १७८ किलो. आठवतंय ना, रोशेचं २६६ होतं. आणि अख्खी गाडी हजार किलोंच्या आत. १९९२ ला हुकलेलं टार्गेट त्याने चौऱ्याहत्तराव्या वर्षी गाठलं. एकूण गाड्या १००, आणि या वेळी सगळ्या खपल्या. टॉप स्पीडच्या स्पर्धेत ती नाहीच. आणि हो, मागे ४०० मिलिमीटरचा पंखा आहे. १९७८ चाच, जो एका शर्यतीनंतर बंद करावा लागला होता. म्हणजे या माणसाला भानगडी नको असतात असं नाही. पंख्याचं वजन त्याने मान्य केलं, कारण तो पंखा काम करतो. मित्राला हे सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे मी जिंकलो." घ्या.

एसएमपीएस बदलल्यावर डेस्कटॉप चालू झाला, बिलिंग अकरा चाळीसला गेलं. आता त्याच्यावर एक कागद चिकटवलाय, 'कृपया बंद करू नये'. हार्ड डिस्क मूळचीच आहे. उद्या सोमवार. सकाळी स्टँडअपला मी त्या पंधरा दिवसांच्या कामाचं पुन्हा काढणार आहे, आणि ज्युनिअरला बरोबर घेणार आहे. साहेब ग्राफचं विचारतील. बघू काय म्हणता येतं ते.